सम्राट आणि जबाबदारी

१५ ऑगस्ट १९४५ रोजी नभोवाणीवरून सम्राट हिरोहितो बोलले. ‘शरणागती’ हा शब्दही न उच्चारता त्यांनी युद्धसमाप्ती जाहीर केली, आणि जपानी सैन्याने शस्त्रे खाली ठेवली. ज्यांच्या शब्दाने युद्ध थांबले, त्यांना ते आरंभीच रोखता आले नसते काय? मंत्र्यांचा सल्ला मानणे हा तेथील राज्यपद्धतीचा संकेत होता, हे आम्हांस मान्य आहे. परंतु १ डिसेंबर १९४१ च्या परिषदेत युद्धाचा निर्णय झाला, तो त्यांच्याच समक्ष व संमतीने! पुढे १९४८ मध्ये पंतप्रधान तोजो फासावर गेले. सम्राटांवर मात्र जनरल मॅकआर्थर यांनी खटलाच होऊ दिला नाही. १९८९ पर्यंत ते सिंहासनावर राहिले, सागरी जीवांचा अभ्यास करीत.