पाटी मराठीत, इशारा इंग्रजीत

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या दिशेने निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं लागतात. यातल्या कुठल्याही स्टेशनाबाहेर मान वर करून बघा, मराठी पाट्या दिसतील. त्या आपोआप आलेल्या नाहीत. 2022 मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली. व्यापारी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि सप्टेंबर 2023 मध्ये कोर्टाने त्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. पाटीवरचं मराठी अक्षर दुसऱ्या भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान नको, इतका बारीक विचार त्या कायद्यात आहे. चांगलंच झालं.

आता त्याच दुकानाच्या फ्रीजमधून नो-शुगर कोल्ड्रिंक बाहेर काढा आणि मागचा मजकूर वाचा. वाचता आला तर. 'नॉट रेकमेंडेड फॉर चिल्ड्रन.' म्हणजे हे लहान मुलांना देऊ नये. सगळ्या बाटलीवर सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच, आणि ते मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत, मागच्या बाजूला. समोर मात्र 'झीरो' हा शब्द हाताच्या बोटाएवढा.

यात कंपनीने नियम मोडलेला नाही. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी, एवढंच एफएसएसएआयचा नियम सांगतो. मराठी छापायची असेल तर छापा, नसेल तर राहू द्या. म्हणजे दुकानाचं नाव मला माझ्या भाषेत कळलंच पाहिजे, पण माझ्या भाच्याने काय पिऊ नये हे कळलं नाही तरी चालेल!

तुम्ही म्हणाल, एवढं काय आहे त्या स्वीटनरमध्ये? इथे दोन टोळ्या आहेत आणि दोन्ही सारख्याच आळशी.

पहिली टोळी व्हॉट्सॲपवाली. जुलै 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला '2बी' गटात टाकलं आणि फॅमिली ग्रुपवर 'डाएट कोल्ड्रिंक म्हणजे कॅन्सर' सुरू झालं. 2बी म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक', पुरावा मर्यादित. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो. धोका किती मोठा ते सांगत नाही.

दुसरी टोळी 'सायन्स पढो भाई' वाली. ते म्हणतात, त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा आहे तीच ठेवली, वजनाच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅम. कॅनमध्ये 200 ते 300 मिलिग्रॅम धरलं, तर मर्यादा ओलांडायला दिवसाला 9 ते 14 कॅन प्यावे लागतील. बरोबर. पण हा हिशेब 70 किलोच्या माणसाचा आहे. 20 किलोच्या पोराचा कोण करणार? त्याची मर्यादा 800 मिलिग्रॅम, म्हणजे तीन-चार कॅन. कुठलंही पोर रोज एवढं पिणार नाही, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण ज्या आकड्याने तुम्ही सगळ्यांना शांत करता, तो आकडा मुलांचा नाही. आणि बाटलीवर 'मुलांसाठी नाही' असं छापावं लागतं.

शिवाय मे 2023 मध्ये त्याच आरोग्य संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे स्वीटनर वापरू नका, त्याचा दीर्घकाळ फायदा दिसत नाही. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही सूचना लागू नाही. म्हणजे काकांच्या चहातली शुगर-फ्रीची गोळी हा वेगळा विषय आहे. माझं भांडण शाळेच्या रस्त्यावरच्या दहा रुपयांच्या छोट्या बाटलीशी आहे. दहा रुपये ही पोराच्या खिशातली किंमत आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ॲप बंद पडल्यावर वापरणाऱ्याला नुसतं 'एरर 951' दाखवलं, तर टेस्टर ते त्याच दिवशी परत पाठवेल. आपल्या लेबलवर नेमकं हेच चालतं. 951 म्हणजे ॲस्पार्टेम, 950 म्हणजे एसेसल्फेम, 955 म्हणजे सुक्रालोज. 102 म्हणजे टार्ट्राझिन, तो पिवळा रंग. युरोपात 2010 पासून हा रंग वापरला तर 'मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो' अशा अर्थाचं वाक्य छापावं लागतं. आपल्याकडे 102 लिहिलं की झालं. आणि 'नॉट फॉर फिनाइलकीटोन्युरिक्स' हे तर इंग्रजी येणाऱ्यांनाही कळत नाही. काही बाळांना जन्मतःच फिनाइलॲलनिन पचवता येत नाही, ॲस्पार्टेममधून तेच मिळतं आणि ते साठलं की मेंदूला इजा होते. एवढी गंभीर गोष्ट, आणि ती वाचून अर्थ लावणारा माणूस अंबरनाथच्या बाजारात शोधून दाखवा.

'एवढ्याशा बाटलीवर किती भाषा छापणार?' हा ठरलेला प्रश्न. उत्तर तुमच्या बिस्किटाच्या पुड्यावर आहे. हिरवा ठिपका. मांसाहारासाठी आता तपकिरी त्रिकोण. उल्हासनगरच्या पाच कॅम्पांमध्ये सिंधी, मराठी, हिंदी बोलणारे सगळे एका सेकंदात ओळखतात की यात अंडं आहे की नाही. शाकाहाऱ्याच्या श्रद्धेसाठी आपण बिनभाषेची खूण बनवली, पोराच्या तब्येतीसाठी नाही बनवली. तंबाखूच्या पाकिटावर 2016 पासून 85 टक्के जागा इशाऱ्याला द्यावी लागते. तेव्हाही ओरड झाली होती.

मेक्सिकोने 2020 मध्ये हे करून दाखवलं. स्वीटनर असेल तर पाकिटाच्या पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत, लोकांच्या भाषेत लिहायचं की मुलांसाठी योग्य नाही. त्याआधी चिलीने साखरेवर काळे शिक्के मारले होते, तेव्हा कंपन्यांनी साखर कमी करून स्वीटनर वाढवले. मेक्सिकोने तो धडा घेतला. आपण तीच पळवाट उघडी ठेवली आहे. 2020 च्या नियमांनुसार शाळेत आणि गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ विकता येत नाहीत. शब्दशः वाचलं, तर साखर काढलेलं कोल्ड्रिंक या यादीत बसतच नाही. ज्या बाटलीवर 'मुलांसाठी नाही' लिहिलंय, ती शाळेच्या गेटवर चालेल!

म्हणून मागणी साधी आहे. पुढच्या बाजूला एक ठळक खूण. तिच्याखाली, महाराष्ट्रात विकायच्या मालावर, मराठीत तीन शब्द: 'लहान मुलांना नको'. आणि शाळेच्या 50 मीटरच्या यादीत स्वीटनरची पेयं. पाट्यांसाठी जे पक्ष रस्त्यावर उतरले, इंग्रजी बोर्डांना ज्यांनी काळं फासलं, त्यांनी यासाठी काळं फासायची गरज नाही. एक बाटली विधानसभेत घेऊन जावी आणि मागचा मजकूर चष्म्याशिवाय मोठ्याने वाचून दाखवावा.

पाटी चुकली तर फार तर आपण चुकीच्या दुकानात शिरतो. हा इशारा वाचता आला नाही तर बाटली पोराच्या हातात जाते.