गाडी धुरजड की उलाळ?

वाचकहो, बैलगाडी भरून झाली की जाणती माणसे एक गोष्ट हटकून बघत. गाडी धुरजड झाली की उलाळ? ओझे पुढे जास्त पडले तर जू बैलांच्या मानेवर बसे आणि खांदे सुजत. मागे जास्त पडले तर जू वर उचलले जाई आणि गळ्यातल्या सापत्या आवळत. म्हणून ओझे असे रचायचे की जुवावर थोडासा भार राहावा, फार नको आणि अगदीच कमीही नको.

हा साधा हिशेब परदेशातही चुकलेला नाही. तिकडे लोक सुट्टीत मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून हिंडतात. त्याला इंग्लंडात कॅराव्हॅन म्हणतात, अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर. वस्तू एकच, पण ओढण्याची रीत दोन्हीकडे वेगळी.

अमेरिकन माणूस गाडी धुरजड ठेवतो. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या शेकडा 10 ते 15 भार पुढच्या दांडीवर यावा, असा तिकडचा दंडक आहे. म्हणजे 1500 किलोच्या ट्रेलरचा 150 ते 225 किलो भार मोटारीच्या पाठीवर. युरोपात एवढा भार चालत नाही. तिकडे शेकडा 5 ते 7 पुरे मानतात, आणि पुष्कळ मोटारींना 75 किंवा 100 किलोच्या वर दांडीवर घेण्याची परवानगीच नसते.

असे का? अमेरिकेत ओढणारी गाडी बहुधा दणकट पिकअप असते, रस्ते लांबलचक आणि वेगही जास्त. वेग वाढला की मागचे ओझे सापासारखे वळवळू लागते, आणि पुढे भार जास्त असला तर ती वळवळ दबते. युरोपात मोटारी लहान, म्हणून भार कमी ठेवतात आणि वेगाला लगाम घालतात. जर्मनीत ट्रेलर जोडला की ताशी 80 किलोमीटरची मर्यादा; खास मंजुरी असेल तरच मोठ्या महामार्गावर 100. अमेरिकेतही कॅलिफोर्नियासारख्या राज्यात ट्रेलरवाल्याला ताशी 55 मैलांचे, म्हणजे सुमारे 88 किलोमीटरचे बंधन आहेच.

ब्रेकचेही तसेच. युरोपातल्या ट्रेलरला दांडीतच युक्ती केलेली असते. पुढची मोटार थांबू लागली की मागचे ओझे दांडीवर रेटते, आणि त्या रेट्यानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात. अमेरिकेत बहुतेक ट्रेलरना विजेवरचे ब्रेक असतात. त्यांची कळ चालकाच्या हाताशी. जोड निसटलाच तर दोन्हीकडे दुसरी सोय असते. युरोपात बारीक तारेची दोरी ट्रेलरचा हातब्रेक ओढते. अमेरिकेत तशीच दोरी बटण खेचते आणि ट्रेलरवरच्या बॅटरीने ब्रेक लागतात. शिवाय दांडीखाली दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवलेल्या असतात.

तुम्ही म्हणाल, आम्हाला सुट्टीच्या घराचे काय? आम्हाला ऊस घालायचा आहे. बरोबर. पण हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती आणि बिजवडीचा कर्मयोगी या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रात्रंदिवस धावतात. एका ट्रॉलीतले ओझे तिकडच्या चाकांवरच्या घराच्या कितीतरी पट. आणि अनेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात! जर्मनीतही ट्रॅक्टरमागे दोन ट्रेलर दिसतात, पण त्यांना हवेचे ब्रेक असतात. आपल्याकडे सगळे ओझे ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी आवरायचे.

दोन चाकी ट्रॉलीत ऊस पुढे जास्त रचला तर भार ट्रॅक्टरच्या मागे येतो आणि त्याचे तोंड हलके होते. चढाला पुढची चाके उचलली की स्टिअरिंग नुसते हातात फिरते. ट्रॅक्टर वळत नाही. काही जण पुढे दगड किंवा पोती बांधतात. त्यापेक्षा कंपनीची पुढची वजने बसवा आणि ओझेच कमी भरा. ऊस मागे जास्त रचला तर गाडी उलाळ होते, ट्रॉली वळवळते आणि मागच्या चाकांची पकडही जाते. चार चाकी ट्रॉलीचा भार तिच्याच चाकांवर राहतो, पण उतारावर ती मागून ढकलते, आणि दुसरी ट्रॉली पहिलीला ढकलते.

म्हणून निघण्यापूर्वी पाच गोष्टी बघा. दांडी ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच जोडा. वर जोडली तर ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका. पिनेला खालून क्लिप घाला आणि जोडीला मजबूत साखळी लावा. शेतात वळताना सुटे केलेले डावे-उजवे ब्रेक पेडल रस्त्यावर येताना पट्टीने एकत्र जोडा. विसरलात तर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा फिरेल. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका; ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. आणि ट्रॉली वळवळू लागली तर वेग वाढवू नका, ब्रेक दाबून धरू नका. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तुमची ट्रॉली दिसते का? युरोपात ट्रेलरच्या मागे लाल त्रिकोणी परावर्तक सक्तीचे आहेत. त्रिकोण चमकला की मागच्याला कळते, पुढे ओढले जाणारे वाहन आहे. आपल्याकडेही हंगामाच्या आरंभी कारखान्यांवर परावर्तक लावण्याचे कार्यक्रम होतात. पण आठ दिवसांत त्यांच्यावर चिखल बसतो, नाहीतर लोंबणारे वाढे त्यांना झाकून टाकते. टायर फुटले की ट्रॉली रस्त्यातच उभी राहते, भोवती चार दगड आणि बाभळीची फांदी. अंधारात दगड दिसत नाहीत. आणि ट्रॉली गेल्यावर ते दगड तिथेच राहतात, दुसऱ्या कुणाचा घात करायला.

माउल्यांनो, हे काम तुमच्याही हातचे आहे. घरातून ट्रॅक्टर निघताना ओल्या फडक्याने मागचे परावर्तक पुसा. पोराच्या हाती जेवणाचा डबा देताना एक बॅटरी आणि लाल त्रिकोण गाडीत आहे ना, ते विचारा. उसाच्या ढिगावर कोपीवरची लेकरे बसली असतील तर त्यांना खाली उतरवा. ती दूरवरून पोट भरायला आलेल्यांची आहेत, पण जीव आपल्या लेकरांइतकाच मोलाचा. कारखान्यावर दोन खेपा कमी झाल्या तर पुढच्या आठवड्यात भरून निघतील. रस्त्यावर गेलेला माणूस कुठल्याच हंगामात परत येत नाही.