डब्यावर लिहिलेले आणि न लिहिलेले: 'ओआरएस' आदेशानंतर सप्लिमेंट घेताना काय बघायचे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, एक आदेश काढला. कोणत्याही खाद्यपेयाच्या नावात यापुढे 'ओआरएस' ही अक्षरे वापरता येणार नाहीत. पुढे-मागे दुसरा शब्द जोडूनही नाही. त्याआधी १४ जुलै २०२२ आणि २ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशांनी हीच परवानगी दिलेली होती. अट एवढीच होती की 'हे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले ओआरएस नाही' असे पाकिटावर छापावे. ती परवानगी आता मागे घेतली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्यासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला होता. काही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांपैकी एकीच्या बाबतीत ३१ ऑक्टोबरला न्यायालयाने आदेशात हात घालायला नकार दिला.

हा विषय सोलापूरकरांच्या घरातला आहे. मे महिन्यात पारा ४४ अंशांकडे जातो, आषाढीला पंढरपुरात लाखो माणसे चालत येतात आणि पावसाळा लागला की लहान मुलांचे जुलाब ठरलेलेच. अशा वेळी मेडिकलवर 'ओआरएस द्या' म्हटले की हातात गोड पेयाचा खोका यायचा. खऱ्या ओआरएसच्या एका लिटरमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. हे प्रमाण जमलेले असते म्हणूनच आतडे पाणी शोषून घेते. साखर कित्येक पट वाढली की उलटे होते. पाणी आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. मूल 'ओआरएस पीत' असते आणि तरीही सुकत जाते. खरे ओआरएस म्हणजे एक लिटर पाण्यात विरघळवायची साधी पुडी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे फुकट मिळते.

बारीक अक्षरातली सूचना कोणी वाचत नाही, लोक नाव वाचतात. प्रोटीनचे डबे, कॅल्शियमच्या गोळ्या, 'इम्युनिटी'ची सिरप, केसांच्या गमीज या सगळ्यांबाबत नेमके हेच घडते.

एकाच फळीवर दोन कायदे

मेडिकल दुकानात शेजारी शेजारी ठेवलेल्या कॅल्शियमच्या दोन स्ट्रिप घ्या आणि मागची बाजू बघा. एकीवर 'मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नंबर' आणि बहुधा घटकाच्या नावापुढे 'आयपी' ही अक्षरे दिसतील. ती स्ट्रिप औषध आहे. तिला १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा लागू होतो. 'आयपी' म्हणजे इंडियन फार्माकोपिया, म्हणजे घटक किती शुद्ध हवा आणि गोळी किती वेळात विरघळली पाहिजे याचे सरकारी मानक. दुसऱ्या स्ट्रिपवर एफएसएसएआयचे चिन्ह आणि १४ अंकी परवाना क्रमांक असेल. ती कायद्याच्या नजरेत अन्न आहे. तिला २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आणि न्यूट्रास्युटिकलचे नियम लागू होतात. हे नियम २०१६ मध्ये जाहीर झाले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि १ एप्रिल २०२२ पासून त्यांची सुधारित आवृत्ती आली.

दोन्ही गोळ्यांचा आकार, रंग, चकचकीत वेष्टन सारखेच. फरक मात्र मोठा. ठरावीक यादीतल्या औषधांच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा असते, सप्लिमेंटवर ती नसते. नेहमीच्या घटकांच्या सप्लिमेंटला विक्रीआधी रुग्णांवर चाचणी घेऊन गुण दाखवावा लागत नाही. म्हणूनच त्याच्या लेबलवर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे. आजार बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा त्याला करताच येत नाही. तेव्हा 'ही पावडर घ्या, शुगरची गोळी बंद होईल' असे कोणी घरी येऊन सांगत असेल, तर तो दावा कायद्यातच बसत नाही, मग सांगणारा नात्यातला का असेना.

ही सीमारेषा धूसर झाली आहे हे सरकारलाही दिसले. २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने समिती नेमली आणि ही उत्पादने औषध नियंत्रकांच्या कक्षेत आणावीत का, यावर विचार सुरू झाला. माझे मत विचाराल तर, जे सप्लिमेंट डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात आणि केमिस्ट औषध म्हणून विकतो, त्याची तपासणीही औषधासारखीच व्हावी.

अर्थात औषधांचे घरही सगळे स्वच्छ आहे असे नाही. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या ऑगस्ट २०२४ च्या यादीत दर्जा न उतरलेली पन्नासहून अधिक औषधे होती. त्यांत कॅल्शियम-डी३ च्या गोळ्या आणि बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूलही होत्या. काही नामांकित कंपन्यांनी 'ती बॅच आमची नाहीच, बनावट आहे' असे कळवले. रुग्णाच्या दृष्टीने दोन्ही वाईटच. पण निदान यादी दर महिन्याला जाहीर होते, बॅच नंबरसह. बिल घ्यायचे ते यासाठी. बिलावर बॅच नंबर नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. खपाच्या ३०० औषध ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा आहे. तो मोबाइलने तपासून बघा.

प्रोटीनचा डबा

ऑपरेशन झाले, बाळंतपण झाले, म्हातारपणी भूक मंदावली की नातेवाईक पहिली वस्तू आणतात ती प्रोटीन पावडर. सिव्हिलच्या वॉर्डात खाटेशेजारी असे डबे सहज दिसतात, आणि अनेकदा ते उसनवारी करून आणलेले असतात.

एप्रिल २०२४ मध्ये केरळचे यकृततज्ज्ञ डॉ. सिरिॲक ॲबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी 'मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. २५ डब्यांत, म्हणजे सुमारे ७० टक्के डब्यांत, प्रोटीनचा आकडा लेबलशी जुळला नाही. काहींत तर लिहिल्याच्या निम्मेच होते. सुमारे १४ टक्क्यांमध्ये अफलाटॉक्सिन हे बुरशीचे विष आणि ८ टक्क्यांमध्ये कीटकनाशकांचे अंश सापडले. आकडा फुगवायची एक युक्ती समजून घ्या. प्रोटीन मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत खरे तर नायट्रोजन मोजतात. डब्यात ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळली की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रोटीन वाढते. स्नायूंना त्याचा तसा उपयोग नसतो. घटकांच्या यादीत ही नावे सुटी दिसली, किंवा 'प्रोप्रायटरी ब्लेंड' असे लिहून प्रत्येक घटकाचे प्रमाण लपवले असेल, तर तो डबा परत ठेवा.

घटक नेहमी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तिनांत साखर, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा ग्लुकोज सिरप आले तर तुम्ही प्रोटीनच्या भावाने साखर घेताय. मधुमेही रुग्णाला याचा थेट त्रास होतो. 'दर १०० ग्रॅम'चा आकडा सोडा, एका मापात किती ते बघा. दुधात मिसळायच्या माल्टच्या पावडरींचेही तेच. 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकार अन्न कायद्यात नाहीच, म्हणून तर एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना तो विभाग काढायला सांगितला गेला.

आता आपल्या ताटाकडे बघू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागते. ५० किलोच्या बाईला साधारण ४२ ग्रॅम. मालदांडी ज्वारीच्या तीन भाकरी म्हणजे सुमारे १८ ग्रॅम, दोन वाट्या बऱ्यापैकी घट्ट वरण १३, तीन-चार चमचे शेंगाची चटणी सात आणि पेलाभर दूध आठ. झाले ४६. अंडे चालत असेल तर एका अंड्यात आणखी सहा. ज्वारीत लायसिन कमी असते आणि डाळीत ते भरपूर, म्हणून भाकरीबरोबर डाळ हवीच. नुसती भाकरी-चटणी खाऊन काम करणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांना कमी पडते ती ही डाळच. शेंगदाणे मात्र कडवट किंवा काळपट निघाले तर मोह न धरता टाकून द्या. वरचे अफलाटॉक्सिन तिथेही असते.

मोठे ऑपरेशन, भाजणे, कॅन्सरचे उपचार, डायलिसिस यांत प्रोटीन जास्त लागते आणि काही रुग्णांना पावडरची खरोखर गरज असते. याउलट मूत्रपिंडाचा आजार असून डायलिसिस सुरू नसेल, तर तीच पावडर नुकसान करू शकते. हा निर्णय शेजाऱ्यांच्या अनुभवावर घ्यायचा नाही. तरुण मुलांसाठी एवढेच सांगतो की मे २०२४ च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळा असे स्पष्ट लिहिले आहे.

टीबीच्या रुग्णांसाठी तर पुरावा ताटाच्याच बाजूने आहे. झारखंडमधल्या 'राशन्स' या मोठ्या अभ्यासात रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबांना तांदूळ, डाळीचे पदार्थ, दूध पावडर, तेल असा शिधा आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. जास्त शिधा मिळालेल्या कुटुंबांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले, असे २०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. निक्षय पोषण योजनेचे दरमहा मिळणारे पैसेही १ नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाले आहेत. ते डब्यावर घालवण्याआधी किराण्याचा हिशेब करा.

गोळी खरेच लागते ती कुणाला?

सगळी सप्लिमेंट फसवी आहेत, असा याचा अर्थ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. इथे लोहाची गोळी हवीच. गरोदरपणात सरकारी केंद्रात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते, आणि ती फुकट असते. 'सरकारी गोळी गरम पडते' म्हणून महागडे सिरप घेणाऱ्यांनी सिरपचे लेबल वाचावे. तिथे बहुधा क्षाराचे वजन मोठ्या अक्षरात असते आणि प्रत्यक्ष लोह, म्हणजे 'एलिमेंटल आयर्न', बारीक अक्षरात. तोच खेळ कॅल्शियममध्ये असतो. १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५००. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घेऊ नका, लोहाबरोबर चहा नको आणि थायरॉइडच्या गोळीपासून दोन्ही चार तास लांब ठेवा.

बी-१२ ची गोष्ट आपल्या महाराष्ट्रानेच जगाला सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. याचा अर्थ फॉलिक ॲसिड बंद करा असा मुळीच नाही. शाकाहारी गरोदर स्त्रीने बी-१२ बद्दलही डॉक्टरांना विचारावे, एवढाच आहे. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, आम्लपित्ताची गोळी रोज घेणारे आणि वयस्कर माणसे यांनीही विचारावे. तळपायाला मुंग्या येतात म्हणून प्रत्येक वेळी 'शुगरमुळेच' असे धरून बसू नये.

ड जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिटचे पाकीट आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायचे असते. चिठ्ठी जुनी झाली तरी पाकिटे चालूच राहतात, आणि काही जण तर ती रोज घेतात. मग रक्तातले कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, बद्धकोष्ठता होते, म्हातारी माणसे भ्रमिष्टासारखी वागू लागतात आणि मूत्रपिंडाला इजा होते. केसांसाठीच्या बायोटिनमुळे थायरॉइडचे आणि हृदयाच्या काही तपासण्यांचे रिपोर्ट चुकू शकतात. रक्त देताना ते घेत असल्याचे सांगा. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी 'के' जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिन विचारल्याशिवाय सुरू करू नये.

आणि एक जास्त गंभीर गोष्ट. वजन वाढवणाऱ्या किंवा गुडघेदुखी 'आठ दिवसांत' घालवणाऱ्या बिननावाच्या पावडरींत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. भूक अचानक वाढते, चेहरा गोल होतो, शुगर चढते. अशी पावडर कित्येक महिने घेतली असेल तर एकदम बंद करू नका, त्याने रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन आधी डॉक्टरांकडे या.

घरात आत्ता असलेल्या डब्यांवरचा १४ अंकी क्रमांक एफएसएसएआयच्या 'फॉसकॉस' या संकेतस्थळावर टाकून परवाना खरा आणि चालू आहे का ते पाहता येते. परवाना खरा म्हणजे माल चांगला असे नाही. पण क्रमांकच खोटा निघाला तर पुढचा विचार करायची गरज उरत नाही. वास, रंग, झाकणाचे सील यांबाबत शंका आली तर डबा टाकून देऊ नका. उरलेल्या मालासह तो तसाच बंद करून ठेवा, बिल आणि बॅच नंबरचा फोटो काढा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या सोलापूर कार्यालयात किंवा १८००-२२२-३६५ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार द्या. आपल्या राज्यात अन्न आणि औषध दोन्ही याच विभागाकडे आहेत, त्यामुळे डबा कोणत्या कायद्यात बसतो हे तुम्ही ठरवून जाण्याची गरज नाही.