झरियाची धग आणि पुनर्वसनाचे गणित

झारखंडमधील झरिया कोळसाक्षेत्रात भूमिगत आगीची पहिली नोंद १९१६ साली झाली. त्यानंतर परकी राज्य गेले, खाणींचे मालक बदलले, बिहारमधून झारखंड वेगळे झाले. आग मात्र पूर्णपणे विझली नाही. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने झरियाच्या सुधारित बृहद् आराखड्यासाठी ५,९४० कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा नेमका कोणत्या प्रश्नावर खर्च व्हावयाचा आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

दामोदर खोऱ्यातील हा कोळसा गोंडवन काळातील, म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुना. खचत गेलेल्या खोऱ्यात वनस्पतींचे अवशेष गाळाखाली गाडले गेले आणि त्यांचे जाड थर एकावर एक साचले. आपल्या चंद्रपूरचा कोळसाही त्याच बराकर मालेतला. परंतु तो विजेच्या भट्टीत जाळण्याजोगा, तर झरियाचा कोळसा पोलादासाठी लागणारा कोक देणारा. असा उत्तम कोकिंग कोळसा देशात अन्यत्र फारसा नाही, आणि त्याची मोठी गरज आजही आयातीवर भागवावी लागते.

जे या भूमीचे वैभव, तेच तिचे दुर्दैव ठरले. थर उथळ आणि परस्परांजवळ असल्याने खाणकाम स्वस्त झाले. छत पेलण्यासाठी राखलेले कोळशाचे खांबही अनेक खासगी मालकांनी नफ्यापायी कोरले आणि रिकाम्या पोकळ्या वाळूने भरण्याची टाळाटाळ केली. जमीन खचली, भेगांतून हवा आत शिरली, हवेच्या संसर्गाने कोळसा आपोआप तापून पेटला आणि आग एका थरातून दुसऱ्यात पसरली. या आगीस निसर्गाचा कोप म्हणणे म्हणजे माणसाची जबाबदारी झाकणे होय.

१९७१-७२ मध्ये कोकिंग कोळशाच्या खाणी सरकारकडे आल्या. पुढे खुल्या खाणींवर भर वाढला. जळता कोळसा खणून काढणे हा आग विझवण्याचा एक खात्रीचा उपाय आहे, हे खरे. परंतु त्याच खोदाईतून उत्पादनही वाढते आणि वस्तीही उठते. साहजिकच, हे यंत्र आपल्या रक्षणासाठी आले की कोळशासाठी, अशी शंका रहिवाशांच्या मनात येते. तिला केवळ अडाणीपणा म्हणून झिडकारता येणार नाही.

२००९ च्या पहिल्या आराखड्याची मुदत २०२१ मध्ये संपली, तरी पुनर्वसन अपुरेच राहिले. बेलगडियात घरकुले उभी राहिली. पण झरियातील हातावर पोट असणाऱ्या कुटुंबाला खाणीपासून दूर नुसते छप्पर मिळून भागत नाही. नव्या आराखड्यात जमिनीचा कायदेशीर हक्क असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या कुटुंबांना एक लाख रुपयांचे उपजीविका अनुदान आणि तीन लाखांपर्यंत कर्जाची सोय आहे. चूक उशिरा का होईना उमगली, एवढे श्रेय सरकारला दिले पाहिजे.

तथापि अनुदान म्हणजे रोजगार नव्हे, आणि कर्ज तर नव्हेच. नव्या वस्तीत काम, शाळा, दवाखाना व वाहतूक आधी आणि स्थलांतर मागाहून, हा क्रम पाळला गेला तरच लोक आपणहून उठतील. एरवी ते धुमसत्या जमिनीवरच राहतील. कारण त्यांच्या लेखी पायाखालच्या आगीपेक्षा पोटातली आग अधिक निकडीची आहे.