मॉल नको, पण बाकडं हवं!

मैत्रिणींनो, लेक-सून पुण्यात असली की तिकडे गेल्यावर मॉलची एक चक्कर होतेच. विमाननगरचा फिनिक्स मार्केटसिटी 2011 मध्ये सुरू झाला. दुकानं, सिनेमा, खाणं सगळं एकाच छताखाली. पुणतांब्याच्या आमच्या एक काकू असाच एक मॉल बघून आल्या. ‘काय आवडलं?’ विचारलं तर म्हणाल्या, ‘बसायला बाकडं होतं आणि संडास स्वच्छ होता.’

सगळ्या हसल्या. पण काकूंनी नेमकं दुखणं सांगितलं. आठवडे बाजाराला निघताना आपण घोटभर पाणी पिताना दहादा विचार करतो. चांगदेव महाराजांच्या दर्शनाला आलेल्या बायकांची, दिवसभर भाजी विकणाऱ्या मावशींची काय तऱ्हा होत असेल? मॉलमध्ये दमलेली बाई काही न घेता घटकाभर बसली, तर सहसा कुणी उठवत नाही. हे सुख बाजारात का नसावं?

मॉलचंही सगळंच गोड नाही. मुंबईत हाजी अलीजवळ 1999 मध्ये क्रॉसरोड्स मॉल सुरू झाला, तेव्हा काही काळ मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असणाऱ्यांनाच मोफत प्रवेश होता. बाकीच्यांनी पैसे मोजायचे! शिवाय आपण बसतो, पण समोर हसून कपडे दाखवणाऱ्या पोरीचं काय? दुकानात काम करणाऱ्यांना बसायला मिळावं म्हणून केरळातल्या बायका भांडल्या. तिथे 2018 मध्ये कायदा बदलला, 2021 मध्ये तमिळनाडूनेही बदलला. साधी खुर्चीसुद्धा मागावी लागते, तेव्हा मिळते.

आणि मागण्यात पुणतांबा मागे नाही. 1 जून 2017 ला शेतकऱ्यांचा संप याच गावातून सुरू झाला आणि अख्ख्या राज्याला दखल घ्यावी लागली. मग बायकांच्या स्वच्छतागृहासाठी आपण गप्प का? आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती कागदावरच उरकू देऊ नका. सही करून परत येऊ नका, बोला. बाजारात पाणी असलेलं, रोज झाडलेलं स्वच्छतागृह आणि सावलीत दोन बाकडी, एवढंच मागा. झाडायचं कुणी आणि त्याचे पैसे कुठून, हेही तिथेच ठरवून घ्या.

सरकता जिना नसला तरी चालेल. बाजारातून बाई अवघडून घरी येऊ नये, एवढं झालं तरी पुष्कळ!