ऊब अंगावर, शिसं कमरेवर

‘सहाच मीटर जायचंय ना? मग पाच मिलिमीटरचा सूट पुरे. बुडायला त्रास झाला तर दोन किलो शिसं जास्त लाव.’ नोकरीसाठी लेस्टरला गेलेल्या एका वाचकाला तारकर्लीत त्याच्याबरोबर स्कूबा डायव्हिंग शिकलेल्या मित्रानं फोनवर हा सल्ला दिला. वाचकानं तो मला कळवला, आणि आठवडाभर माझ्या डोक्यातून तो जात नाही. वाचक उतरणार आहे स्टोनी कोव्हमध्ये. ग्रॅनाइटची ही जुनी खाण आता पाण्यानं भरलेली आहे. पहिला टप्पा सहा मीटरांच्या आसपास, आणि ऐन हिवाळ्यात पाणी पाच अंशांजवळ.

उथळ म्हणजे सोपं, हा समज सगळ्यांत आधी जायला हवा. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढतं, आणि त्याला खोलीशी काही देणंघेणं नाही. उलट वीस मीटरांवर जे सिलिंडर अर्ध्या तासात संपतं, ते सहा मीटरांवर जवळजवळ दुप्पट वेळ पुरतं. म्हणजे उथळ पाण्यात माणूस जास्त वेळ थांबतो. त्यातून कॅमेरा घेऊन एकाच खडकासमोर बसला, तर पायही हलत नाहीत. थंडी वाजते ती अशा वेळी.

मागे ‘थंडीची सवय होते’ या म्हणण्याविरुद्ध लिहिलं, तेव्हा बऱ्याच जणांनी मला जेजू बेटावरच्या हेन्यो बायकांचा दाखला दिला. दाखला योग्यच आहे, पण तो पूर्ण वाचला पाहिजे. दक्षिण कोरियातल्या या बायका पाठीवर सिलिंडर न घेता, श्वास रोखून तळाशी जातात आणि शंख-शिंपले, समुद्री शेवाळ काढून आणतात. १९७०च्या दशकापर्यंत त्यांच्या अंगावर पातळ सुती पोशाख असायचा. हिवाळ्यात पाणी १० अंशांच्या आसपास. संशोधक सुक की हाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात अशा कोरियन बायकांची मोजमापं घेतली, तेव्हा विश्रांतीच्या वेळीही त्यांचं शरीर हिवाळ्यात सुमारे ३० टक्के जास्त उष्णता निर्माण करताना आढळलं. जमिनीवर काम करणाऱ्या, तेच अन्न खाणाऱ्या शेजारणींमध्ये हा फरक नव्हता. सवयवादी मंडळी इथवर वाचतात आणि थांबतात.

पुढची गोष्ट अशी, की इतकं कमावलेलं शरीर असूनही हिवाळ्यात त्या थोड्याच वेळात गारठून बाहेर यायच्या. किनाऱ्यावर दगडांचा गोल आडोसा असे, त्याला बुलतोक म्हणतात. तिथं शेकोटीशी अंगात पुन्हा ऊब आली, तरच पुढची बुडी. मग रबरी सूट आला, आणि त्याच बायका हिवाळ्यातही सलग काही तास पाण्यात राहू लागल्या. थंडीशी एवढं जुळवून घेतलेल्या बायकांनी सूट मिळताच तो घातला, यापेक्षा मोठा पुरावा मला नको. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा मोजमापं झाली, तेव्हा ती वाढलेली उष्णता जवळपास नाहीशी झाली होती. शरीरानं ते ओझं खाली ठेवलं होतं. जपानमधल्या, अशाच बुड्या मारणाऱ्या आमा बायकांच्या काही गावांत तर घरटी एकच सूट, असा नियम केला गेला. सूट असलेली बाई इतका जास्त माल काढते, की तळ रिकामा होईल अशी भीती होती.

पण सुटाबरोबर शिसंही आलं, आणि माझ्या वाचकाला मला हेच सांगायचं आहे. सुती पोशाख तरंगत नसे, रबरी सूट तरंगतो. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात. ऊब तेच राखतात आणि अंगाला वर उचलतात तेही तेच. म्हणून सूट घातलेल्या हेन्योला कमरेला शिशाचा पट्टा बांधावा लागला. आज त्यांच्यापैकी बहुतेक जणी वयस्कर आहेत. युनेस्कोनं २०१६ मध्ये त्यांच्या परंपरेचा गौरव केला. तासन्‌तास पुन्हा पुन्हा श्वास रोखून काम करताना होणारी डोकेदुखी आणि सांधे-कंबरेची दुखणी मात्र त्यांना नेहमीचीच झाली आहेत. ऊब मिळाली की वेळ वाढतो, आणि वेळ वाढला की त्या कंबरेवरच्या शिशाचा हिशेब अंगाला द्यावा लागतो. सूट आणि वजन हे दोन निर्णय नाहीत, एकच आहे.

उथळ पाण्यात तर हा निर्णय जास्त काटेकोर घ्यावा लागतो. पृष्ठभागापासून दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि बुडबुडे दबून जवळपास निम्मे होतात. पुढच्या दहा मीटरांत फरक त्या मानानं बराच कमी. म्हणजे वर-खाली होण्याचा सगळ्यात मोठा खेळ पहिल्या काही मीटरांतच चालतो. तिथं दोन किलो शिसं ‘जास्त’ लावलं, की ते सावरायला अंगावरच्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरावी लागते. मीटरभर वर गेलं की ती हवाही फुगते. मग सोड, भर, सोड, भर. माणूस दमतो, हवा लवकर संपते आणि पाय तळातला गाळ उडवतात.

तारकर्लीतला आकडा लेस्टरला दोन्ही बाजूंनी खोटा ठरतो. जाड सुटाला जास्त शिसं लागतं, पण खाणीतल्या गोड्या पाण्यात कमी लागतं. सामानासकट शंभर किलोंच्या माणसाला समुद्राच्या तुलनेत जवळजवळ अडीच किलो कमी. म्हणून आकडा मित्राकडून घ्यायचा नसतो, पाण्यात ठरवायचा असतो. तोही बुडीच्या शेवटी. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बारला सुमारे तीन किलो हवा असते आणि ५० बार उरेपर्यंत त्यातली दोन किलोंहून जास्त संपलेली असते. तेव्हा जॅकेट रिकामं करून पाच मीटरांवर स्थिर थांबता आलं, तर शिसं बरोबर.

पाच अंशांत पाच मिलिमीटरचा वेटसूट नकोच. पाणी आत न येऊ देणारा ड्रायसूट घ्यावा, आणि तो वापरायचं रीतसर शिकूनच उतरावं. आत लोकरीचे किंवा फ्लीसचे कपडे, डोक्याला जाड हुड, हातांना जाड मोजे. बोटं बधिर झाली की बकल उघडत नाही, आणि आपत्तीत शिसं टाकता आलंच पाहिजे.

राहिला पट्टा. कडक नायलॉनच्या पट्ट्यावर सगळं शिसं कमरेच्या मागे ओवायची पद्धत मला अजिबात मान्य नाही, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. ड्रायसुटाला दहा-बारा किलोही लागू शकतात, आणि एवढं वजन एका जागी मणक्यावर टेकवायचं काही कारण नाही. खांद्यांवरून पेलणारा हार्नेस घ्यावा, थोडं शिसं सिलिंडरच्या पट्ट्यावर वर सरकवावं, आणि ठोकळ्यांऐवजी शिशाचे छर्रे भरलेल्या मऊ पिशव्या मागाव्यात. त्या अंगाच्या वळणाप्रमाणे बसतात. निदान अर्धं वजन एका हाताच्या झटक्यात सुटेल अशा जागी असावं. दुकानात हे सगळं अंगावर चढवून वाका, बसा, मांडी घाला. कंबरेला तिथंच टोचलं, तर दुसरा हार्नेस मागा.