जहाजाच्या तुळयांची दंतकथा

इंग्लंडच्या केंट, ससेक्स, सफोक या परगण्यांत मध्ययुगाच्या अखेरीस बांधलेली लाकडी सांगाड्याची शेतघरे मोडीत काढलेल्या जहाजांच्या लाकडातून उभी राहिली, असे तेथील घरमालक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तुळयांचा बाक, त्यांवरील निरुपयोगी दिसणाऱ्या रिकाम्या खाचा आणि खिळा शिरू न देणारा ओकचा कठीणपणा, एवढाच या पूर्वपक्षाचा पुरावा. परंतु रिकाम्या खाचा बहुधा काढून टाकलेल्या आडभिंतींच्या वा बिनकाचेच्या खिडक्यांच्या लाकडी गजांच्या असतात. आणि सांगाडा ताठ ठेवणाऱ्या तिरप्या आधारांसाठी सुतार मुळातच वाकडी झाडे निवडून तोडत. जहाजाचे लाकूड इमारतीत कधी गेलेच नाही, असे मात्र नव्हे: विकम गावची ‘चेसापीक’ गिरणी पकडलेल्या अमेरिकी युद्धनौकेच्या लाकडातून १८२० मध्ये बांधली गेली. पण तो नोंदलेला अपवाद आहे, शिवाय ते शेतघर नव्हे.

खरा निर्णायक पुरावा लाकडाच्या ओलेपणात आहे. ओक ताजा असताना कुऱ्हाडीला आणि पटाशीला सहज वश होतो, वाळल्यावर मात्र हत्याराला दाद देत नाही. म्हणून सुतार तो ओलाच घडवीत, आवारात जमिनीवर जुळवून पाहत, प्रत्येक सांध्यावर रोमन अंकांसारख्या खुणा कोरत आणि सांगाडा सुटा करून जागेवर पुन्हा उभारीत. कूस, म्हणजे खाचेत बसणारे तुळईचे निमुळते टोक, हिचे भोक खाचेच्या भोकापासून किंचित सरकवलेले असे, त्यामुळे खुंटी ठोकताच सांधा आवळला जाई. पुढे लाकूड जागेवरच वाळून आक्रसले आणि पिळले. आज दिसणारी वाकडी चौकट ही त्याचीच खूण आहे. आधीच दशकानुदशके वाळलेले जहाजाचे लाकूड सांधल्यानंतर असे पिळलेच नसते.

वनेतिहासकार ऑलिव्हर रॅकहॅम यांनी सफोकमधील सुमारे १५०० सालच्या एका शेतघराचा हिशेब मांडला, तेव्हा त्यात सुमारे ३३० झाडे आढळली आणि त्यांतील निम्म्यांचा व्यास नऊ इंचांहून कमी निघाला. अशी बारीक झाडे गावालगतच्या राखलेल्या रानातच वाढत आणि तोडल्यावर त्या रानात पुन्हा फुटवे येत. त्यासाठी जहाज मोडण्याची गरज नव्हती; शिवाय युद्धनौकांसाठी ओकची प्रचंड मागणी वाढली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे ही घरे अडीच शतके नांदून झाल्यावर.